दुभत्या जनावरांचे प्रजनन-व्यवस्थापन

गाई-म्हशी वेळेवर माजावर याव्यात, गाभण राहाव्यात, सुखरूप व्याव्यात आणि पुन्हा वेळेत फळाव्यात, यासाठी गोठ्यात केल्या जाणाऱ्या कामांना ही एकत्रित संज्ञा आहे. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही. त्यामुळे दुग्धव्यवसायाचा नफा-तोटा चाऱ्याच्या भावाइतकाच दोन वेतांतील अंतरावर ठरतो. गाभणकाळ गाईत सरासरी २८० दिवस, तर म्हशीत सुमारे ३१० दिवस असतो. गाय व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या आसपास पुन्हा गाभण राहिली, तरच वर्षाला एक वेत मिळते. म्हशीत हे अंतर काहीसे जास्त धरतात.

इतिहास : भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केला. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत पी. भट्टाचार्य यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात, हे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी दाखवले. त्यानंतर द्रव नायट्रोजनमध्ये, −१९६° से. तापमानाला, रेत वर्षानुवर्षे साठवणे शक्य झाले.

महाराष्ट्रात हे तंत्र गावोगाव पोचवण्यात उरुळी कांचन (जि. पुणे) येथील बायफ या संस्थेचा वाटा मोठा आहे. तेथे १९४६ मध्ये महात्मा गांधींनी सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमाची धुरा मणिभाई देसाई (१९२०–१९९३) यांनी वाहिली. आश्रमातील गीर गाईंच्या संगोपनातून त्यांचे गोसंवर्धनाचे काम वाढत गेले आणि १९६७ मध्ये बायफची स्थापना झाली. माजाचे तास मोजकेच असतात. गाय चालवत दवाखान्यात नेईपर्यंत ते निघून जातात, म्हणून रेतन करणारा माणूसच शेतकऱ्याच्या दारी पाठवण्याची पद्धत संस्थेने रुजवली. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. राज्य शासनाची गोठित रेत केंद्रेही आहेत.

माज : प्रजनन-व्यवस्थापनाचा कणा म्हणजे माजाची अचूक ओळख. माजाचे चक्र सरासरी २१ दिवसांचे (१८ ते २४) असून माज साधारणतः १२ ते १८ तास टिकतो. गाय हंबरते, चारा कमी खाते, वारंवार लघवी करते आणि दूध थोडे चोरते. निरणातून काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट लोंबतो. दुसऱ्या जनावराला अंगावर चढू देऊन ती स्थिर उभी राहिली, तर ही माजाची सर्वांत खात्रीची खूण होय. मात्र दिवसभर दावणीला बांधलेल्या गाईत ही खूण दिसतच नाही. मुक्तसंचार गोठ्याचा हा फायदा फारसा लक्षात घेतला जात नाही. म्हशीत मुका माज जास्त आढळतो. तो बहुधा रात्री किंवा पहाटे येतो आणि उन्हाळ्यात लक्षणे आणखी मंदावतात. म्हणून पहाटे व रात्री गोठ्यात शांतपणे उभे राहून निरीक्षण करणे आवश्यक असते. माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी काही कालवडींच्या सोटात रक्त दिसते. ते दिसले की माज हुकला असे समजून पुढच्या माजाची तारीख लिहून ठेवावी.

रेतन : स्त्रीबीज माज संपल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी सुटते. त्यामुळे सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवावी, असा नियम रूढ आहे. रेतकांडी ०.२५ मिलि.ची असते. ती ३७° से. पाण्यात अर्धा मिनिट धरून वापरतात. रेत गर्भाशयमुखाच्या किंचित पुढे सोडणे हे कौशल्याचे काम आहे. दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घेणे अनिवार्य समजावे. गाय पुन्हा माजावर आली नाही म्हणजे ती गाभण आहे, असे होत नाही.

पैदास धोरण : होल्स्टीन व जर्सी संकरामुळे राज्याचे दूध वाढले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी व गवळाऊ या जातींच्या क्षेत्रात संकर किती करावा, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. म्हशींत पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी या स्थानिक जाती आहेत. लिंगनिर्धारित रेतामुळे सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात.

भ्रूण प्रत्यारोपण : निवडक प्रक्षेत्रांवर केले जाते.

उलटणे व वांझपणा : तीन वेळा भरवूनही, लक्षणे निरोगी असताना, न फळणाऱ्या गाईला वारंवार उलटणारी गाय म्हणतात. चुकीच्या वेळी केलेले रेतन, गर्भाशयदाह, खनिजांची कमतरता आणि व्यायल्यानंतर दुधाच्या मानाने अपुरा आहार ही यामागची नेहमीची कारणे आहेत. त्यांतील बहुतेक दूर करता येतात. म्हणून गाय वांझ ठरवून बाजारात नेण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून जननेंद्रियांची तपासणी झालीच पाहिजे.

आरोग्य : वार अडकल्यास तिला दगड किंवा वीट बांधण्याची चाल घातक आहे. त्याने गर्भाशयाला इजा होते, प्रसंगी ते बाहेरही येते. सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) माणसालाही होतो. गाभडलेल्या गाईचा गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नयेत, ते खोल पुरावेत आणि दूध उकळूनच प्यावे. या रोगाची लस मादी वासरांना ४ ते ८ महिने वयात एकदाच देतात. २०१९ पासून ती लाळ्या-खुरकुताच्या लसीसह राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी चर्मरोगानेही गर्भपात होतात आणि माज लांबतो. कासदाह : स्वतंत्र विषय.

नोंदी : व्याल्याची तारीख, प्रत्येक माज, रेतनाचा दिवस, वळूचा क्रमांक, गर्भतपासणीचा निकाल व आटवण्याची तारीख एवढी नोंद प्रत्येक जनावराची हवी. अपेक्षित प्रसूतीपूर्वी ६० दिवस गाय आटवावी. एक माज हुकला की २१ दिवसांचा चारा वाया जातो, आणि ही हानी दुधाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. ती दाखवते ती फक्त तारखांची वही. म्हणून महागडे रेत घेण्याआधी प्रत्येक गोठ्यात ही वही सुरू व्हावी.