मरुभूमीतील शिकार आणि तिची चूल

शाकुंतलाचा दुसरा अंक उघडतो तो विदूषकाच्या रडगाण्याने. राजास मृगयेचा नाद लागलेला, आणि त्याचा मित्र म्हणून रानोमाळ फरफटत जाणे या गरीब ब्राह्मणाच्या कपाळी आलेले. त्याच्या तक्रारींची यादी बरीच लांब आहे. घोड्यामागे धावून सांधे निखळले, पहाटे पारध्यांच्या गलबल्याने झोप मोडली, वगैरे. पण आम्हांस त्यांतील दोन तक्रारी विशेष मोलाच्या वाटतात. पाने पडून तुरट झालेले पाणी प्यावे लागते ही एक. आणि वेळी-अवेळी जे जेवण मिळते ते बहुतेक सळईवर भाजलेले मांसच असते, ही दुसरी. पुढे सेनापती येऊन मृगयेचे गुण गातो. चरबी झडते, शरीर हलके होते, चालत्या लक्ष्यावर बाण मारण्याचा सराव होतो, इत्यादी. द्यूतापेक्षा मृगया बरी असे ठरविताना कौटिल्यानेही असेच गुण सांगितले आहेत. शाळेत हा अंक शिकविताना सेनापतीच्या श्लोकावर तास खर्ची पडतो आणि विदूषकाच्या पोटाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. शिकारीच्या इतिहासाचेही तसेच झाले आहे. तो धनुष्याच्या आणि बंदुकीच्या बाजूने भरपूर लिहिला गेला. चुलीच्या बाजूने लिहिण्याचा हा अल्पसा यत्न आम्ही राजपुतान्याच्या मरुभूमीपुरता करीत आहोत.

हा विषय आम्हांस सुचला तो गेल्या हिवाळ्यात. आम्ही चौघे मित्र बिकानेरच्या पश्चिमेस एका परिचितांच्या शेतावर दोन रात्री तंबू ठोकून राहिलो होतो. शिकार अर्थातच नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली आहे, आणि आम्हां चौघांपैकी कोणास बंदूक कोणत्या टोकाने धरावी हेही नीट ठाऊक नाही. परंतु स्वयंपाकास जे वृद्ध गृहस्थ आले होते त्यांचे वडील व आजोबा शिकारीच्या तळांवर रांधीत असत. त्यांस तेथे सारेजण ‘बासा’ म्हणत. त्यांनी दुपारी वाळूत खड्डा खणावयास घेतला तेव्हा प्रथम आम्हांस वाटले की तंबूची मेखच ठोकावयाची आहे.

मरुभूमीत रांधणाऱ्यास तीन गोष्टींची वाण असते: पाणी, सरपण आणि भांडी. उंटाच्या पाठीवर जे मावेल तेवढ्यावर भागवावयाचे. या अडचणीतून जी पाककृती निघाली तिचे नाव ‘खड खरगोश’, म्हणजे खड्ड्यातला ससा. सोललेल्या सशास मसाला चोळून तो जाड रोट्यांत गुंडाळावयाचा, वरून ओले फडके किंवा गोणपाट लपेटावयाचे, आणि निखारे भरलेल्या खड्ड्यात ठेवून माती लोटावयाची. फोग नावाचे एक पर्णहीन दिसणारे झुडूप त्या वाळूत उगवते. त्याच्या लाकडाची धग मोठी असते. वाळू एकदा तापली की लवकर निवत नाही, तेव्हा थोड्या सरपणावर पुष्कळ काम होते. सशाच्या अंगचा रस व चरबी रोट्यांत मुरते, त्यामुळे भांडेही लागत नाही आणि काही वायाही जात नाही. याहून मोठी सोय अशी की खड्डा एकदा बुजविला म्हणजे त्याच्याजवळ कोणी बसावे लागत नाही. सकाळच्या सावजाची सोय लावून मंडळी पुन्हा उंटावर बसत आणि सायंकाळी परत येऊन वाळू बाजूस सारीत.

दुसरा पदार्थ ‘जंगली मांस’. यात मांस, तूप, मीठ व अख्ख्या सुक्या मिरच्या, एवढेच जिन्नस. हळद नाही, धणे नाहीत, कांदा-लसूण नाही. आमच्या घरच्या स्त्रिया मटणास जे वाटण घालतात ते पाहिलेल्यास ही यादी अपुरी वाटेल. पण तुपाचा बुधला, सांभर सरोवराचे मीठ आणि सुकी मिरची या तिन्ही गोष्टी उन्हात दिवसच्या दिवस टिकतात, हे ध्यानी घेतले म्हणजे यादीचे मर्म कळते. तिसरा पदार्थ ‘सूळा’. रानात आपोआप उगवणाऱ्या काचरी नावाच्या लहान फळाची पूड लावून मांस मऊ करतात, ते सळईवर भाजतात, आणि शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून त्याची धुरी देतात. नाव उघड उघड संस्कृत ‘शूल’ शब्दाचे. कालिदासाच्या विदूषकाने ज्यास नाक मुरडले तेच हे शूल्यमांस. काचरी आणि तुपाची धुरी त्याच्या वाट्यास आली असती तर दुसऱ्या अंकाचा आरंभ कदाचित निराळा झाला असता!

येथे एक ऐतिहासिक शंका काढणे भाग आहे. जंगली मांस हजार वर्षांपूर्वीच्या रजपूत वीरांचे अन्न, असे अलीकडे पंचतारांकित हॉटेलांच्या पत्रकांतून छापलेले आढळते. हे खरे धरता येत नाही. मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती गोमंतकाच्या किनाऱ्यास लागली आणि तेथून हळूहळू देशभर पसरली. अकबराच्या मुदपाकखान्याची तपशीलवार हकीकत ‘आईन-इ-अकबरी’त दिली आहे, त्यातील जिनसांत मिरे आहेत, मिरचीचे नाव नाही. तेव्हा आजच्या रूपातील जंगली मांस फार तर तीनशे-साडेतीनशे वर्षांचे म्हणावे लागेल. त्यापूर्वी शिकारी मांसास तिखटपणा कोठून येई हे पाहावयाचे तर आपल्याच बाजूस यावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात मृगयेचे प्रकरणही आहे आणि निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या कृतीही आहेत. तिखट म्हणून मिरे, वासास हिंग. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला. ज्यांस राजेलोकांच्या जेवणाविषयी कुतूहल आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. शेतातील उंदीर भाजण्याची कृती आली तर मात्र पान उलटावे.

मरुभूमीतील शिकारीत खरे संकट तहानेचे. 1571 साली अकबर बादशहा राजपुतान्यातून पंजाबकडे जात असता वाटेत रानगाढवांच्या मागे लागला. एक मारले, दुसरे मारले, आणि शिकारीच्या भरात तो पायीच फार दूर निघून गेला. पाणी वाहणारे नोकर चुकले. तहानेने त्याची अशी अवस्था झाली की तोंडातून शब्द निघेना. ज्याच्या हुकमाने हजारो बैल व उंट चालत त्यास त्या दिवशी ओंजळभर पाण्यावाचून वाळूत बसावे लागले. शेवटी शोधणाऱ्यांची गाठ पडली म्हणून प्रसंग निभावला. अबुल फजलने ही हकीकत लिहिली आहे आणि अकबरनाम्याच्या चित्रकारांनी ती रंगविली आहे. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अशा ठिकाणी सोबत्यांचे महत्त्व काय असते हे सांगावयास नको. कर्नल टॉडने 1829 व 1832 साली दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मेवाडच्या ‘अहेरिया’चे वर्णन केले आहे. मेवाड डोंगराळ खरा, पण चाल रजपुतांची. फाल्गुनात हा शिकारीचा सण येई. आदल्या दिवशी राणा आपल्या सरदारांस व सेवकांस हिरवे पोशाख वाटी. दुसऱ्या दिवशी सारे मिळून रानडुकराच्या मागे जात. मिळाला तर वर्ष चांगले, हुकला तर वाईट. आणि राजाचा मुदपाकखानाच रानात हलविलेला असे. तेथेच रांधावयाचे, तेथेच एकत्र जेवावयाचे, आणि आग्रहाचा प्याला फिरवावयाचा. टॉडसाहेब रजपुतांच्या प्रेमात पडलेला लेखक, हे आम्ही विसरलो नाही. पण ज्या समाजात कोणी कोणाच्या शेजारी बसावे याचे निर्बंध एवढे कडक, त्यात एका डुकराभोवती धनी व चाकर जमतात, ही गोष्ट त्याने उगाच टिपली नसावी.

पुढे हे सारे बदलले. शिकार जेवणापुरती राहिली नाही, मोजण्यापुरती झाली. ही मोजण्याची हौस इंग्रजांनी आणली असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. परंतु जहांगीर बादशहा आडवा येतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या देखत 28,532 जनावरे मारली गेली व त्यांपैकी 17,167 आपण स्वहस्ते मारली, असा हिशेब त्याने आपल्या आत्मचरित्रात मोठ्या समाधानाने मांडला आहे. इंग्रजी अमलात छऱ्याच्या बंदुकीने हा हिशेब सोपा केला, एवढेच.

त्याचे पुरे चित्र पाहावयाचे ते गजनेर येथे. बिकानेरपासून सुमारे वीस मैलांवर हे तळे व त्याच्या काठी महाल आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून पखुर्ड्यांचे थवे या बाजूस येतात. त्यांतली काळ्या पोटाची मोठी जात साहेबलोकांस फार प्रिय. पखुर्डी कोरडे बी टिपून राहते, म्हणून तिला रोज पाण्यावर यावेच लागते. सूर्योदयानंतर घटका-दोन घटकांनी थव्यामागून थवा तळ्याकडे येतो. तिची ही अगतिकता शिकारीच्या योजकांनी ओळखली होती. भोवतालच्या इतर पाणवठ्यांवर माणसे बसवून पक्षी उडवून लावीत, म्हणजे तहानेले थवे गजनेरवरच उतरत. तेथे आडोशांमागे पाहुणे तयार असत. 1905 साली पुढे पाचवे जॉर्ज झालेले युवराज आणि 1921 साली त्यांचे चिरंजीव येथे येऊन गेले. व्हाइसरॉय तर वरचेवर येत. अकबरास ज्या तहानेने जेरीस आणले तीच तहान आता पाखरांविरुद्ध कामी लावली होती. संध्याकाळी मेजावर फ्रेंच भाषेत छापलेली पदार्थांची यादी ठेवण्याची तेव्हा संस्थानांत रीत होती. वाळूतला खड्डा उरला तो हाकाऱ्यांच्या आणि उंटवाल्यांच्या तळावर. बासांच्या आजोबांचे काम तेथेच असे.

महाराजा गंगासिंहांविषयी अन्याय होऊ नये म्हणून दोन शब्द लिहितो. 1899–1900 च्या दुष्काळात, ज्यास तिकडे ‘छप्पनिया’ म्हणतात, त्या तरुण राजाने प्रजेसाठी झटून काम केले. 1927 साली त्यांच्या राज्यात गंग कालवा सुरू झाला आणि वाळूत गहू पिकू लागला. पखुर्ड्यांस तहानेले ठेवणारा राजा आणि माणसांस पाणी देणारा राजा एकच होता. इतिहासात अशा गोष्टी येतात तेव्हा आम्ही निवाडा देण्याची घाई करीत नाही.

त्याच मरुभूमीत दुसरीही एक परंपरा आहे. 1485 साली जांभोजींनी स्थापिलेल्या बिश्नोई पंथाच्या एकोणतीस नियमांत हिरवे झाड तोडू नये व जीव मारू नये असे नियम आहेत. 1730 साली जोधपूरच्या महाराजा अभयसिंहाचे लोक लाकडासाठी खेजडली गावी गेले तेव्हा अमृतादेवी झाडास मिठी मारून उभी राहिली, आणि तिच्यामागून एकंदर 363 माणसांनी प्राण दिले. ते झाड खेजडी, म्हणजे दसऱ्यास आपण पूजितो ती शमी. तिच्या शेंगांची भाजी मारवाडात रोजची. 1868–69 च्या दुष्काळात तर तिची साल दळून लोकांनी जीव जगविला. शिकाऱ्याच्या खड्ड्यात ज्या लाकडाचे निखारे घालण्याचा मोह होई त्याच झाडासाठी शेजारच्या गावात माणसे मेली होती. बिश्नोयांच्या शिवारात काळवीट व चिंकारा अजूनही माणसाजवळ चरतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

माळढोकास मात्र असा पंथ मिळाला नाही. तिकडे त्यास गोडावण म्हणतात. बाबराने याच्याच जातकुळीतील खरचाल पक्ष्याविषयी लिहिताना, कोणा पक्ष्याची तंगडी चांगली तर कोणाची छाती, पण याचे सर्वांगच रुचकर, असा अभिप्राय दिला आहे. अशी कीर्ती पक्ष्यास परवडत नाही. आपल्या नगर जिल्ह्यात 1809 ते 1829 या वीस वर्षांत मॅन्सफील्ड नावाच्या एकट्या शिकाऱ्याने 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. आता साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, तेही बहुतेक जैसलमेरकडे. सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 साली त्यांच्यासाठी अभयारण्य केले; तेथे माळ आहे, कुंपण आहे, मनोरा आहे, पाहावयास जावे तर पक्षी क्वचितच. केवळ शिकाऱ्यांचा हा दोष नव्हे. नांगर, कालवे आणि विजेच्या तारा यांनीही त्याचा माळ खाल्ला.

बासांनी खड्डा उघडला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. आत ससा नव्हता, बाजारातून आणलेल्या बोकडाची मांडी होती. बाजरीचे जाड सोगरे निखाऱ्याच्या कडेस शेकत ठेवले होते. आमच्यापैकी एकजण पक्का शाकाहारी. त्याने सांगरीची भाजी व तूप यांवर ताव मारला. उरलेल्या तिघांनी काय केले ते लिहिण्याजोगे नाही. रोटीचा आतला, रसात भिजलेला पदर बासांनी आग्रहाने प्रत्येकाच्या पानात घातला आणि स्वतः सर्वांच्या शेवटी जेवले. हरणाच्या मांसाची चव आठवते काय, असे आम्ही त्यांस विचारले. ते म्हणाले, “लहानपणी खाल्ले होते. पण खरे सांगू, तेव्हा भूक मोठी असे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हांस जवळच्या जोहडावर घेऊन गेले. थंडी कडक होती. ऊन वर आल्यावर आग्नेयेकडून पखुर्ड्यांचा एक थवा आला, पाण्यावर एक फेरी घालून काठावर उतरला, घोट-दोन घोट पाणी पिऊन उडून गेला. बासा ओठ हलवीत मोजीत होते. एकोणीस झाल्या. दुसऱ्या थव्याची वाट पाहत आम्ही आणखी तासभर बसलो; मग ते उठले आणि रात्रीचा खड्डा बुजवावयाचा राहिला आहे म्हणून तळाकडे चालू लागले.