ठिगळकाम, वाहनाच्या पत्र्याचे
गंजलेला पत्रा कापून वेल्डिंगने नवा तुकडा बसवण्याचे काम. त्यातली खरी मेहनत पूर्वतयारीत असते. अहिल्यानगर (२०२४ पूर्वी अहमदनगर) जिल्ह्याची हवा कोरडी. तरी मडगार्डच्या आत, दाराच्या तळाशी चिखल साचून पत्रा आतून सडतो. रंगाला फुगे आलेल्या जागी पेचकस टोचतात; आरपार गेला की पत्रा संपला. मग ठणठणीत धातू लागेपर्यंत कापायचे आणि कडा ग्राइंडरने लख्ख करायच्या. रंग, लांबी (पुट्टी) वा गंज राहिल्यास जोडात छिद्रे पडतात. जस्ताचा थरही आधी घासून काढावा. त्याच्या धुराने ताप येतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवणे विसरू नये. गंजावर नुसती लांबी थापणे ही दुरुस्ती नव्हे. पुढच्या पावसाळ्यात फुगा पुन्हा येतो.