चंदगड : बेळगावचा जुना डोंगरी तालुका

आम्हा गोवेकरांना बेळगाव म्हणजे भाजीपाला, दूध आणि चोर्ला घाट. पण या जिल्ह्याचा एक डोंगरी तालुका आज त्याच्या नकाशात नाही, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तो तालुका म्हणजे चंदगड.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड वगळून. इथली वस्ती बहुतांशी मराठी, म्हणून हा तालुका मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. शेजारचा खानापूर तालुकाही सह्याद्रीतलाच, तिथेही मराठी भाषकच अधिक. तो मात्र म्हैसुरात गेला.

चंदगडचा भूगोल आपल्याशी जोडलेला आहे. इथली ताम्रपर्णी पूर्वेकडे घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेला रामघाटाच्या बाजूने तिळारी उतरते. तीच गोव्यात शापोरा होते. रामघाट ही बेळगावाहून वेंगुर्ल्याला जाण्याची जुनी वाट. घाटमाथ्यावरचा पारगड शिवाजी महाराजांनी १६७६ साली बांधला आणि तानाजींचे पुत्र रायबा मालुसरे यांना किल्लेदार नेमले, असे सांगतात. ‘स्वामी’कार रणजित देसाई ताम्रपर्णीकाठच्या कोवाडचे. चंदगडी बोली ऐकताना तर मला मधूनमधून कोकणीच ऐकल्यासारखी वाटते.

चंदगडाहून बेळगाव चाळीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराहून अधिक. त्यामुळे सरकारी काम कोल्हापूरला, पण बाजार आणि दवाखाना बेळगावला, अशी इथल्या माणसाची ओढाताण. शिनोळी ओलांडली की राज्य बदलते.

महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवल्यामुळे महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

मला वाटते, चंदगडला लावलेले भाषेचे माप खानापूरलाही लावायला हवे होते. आणि सीमा कुठेही आखली तरी, चंदगडच्या माणसाची बेळगावची वाट सोपी राहील हे दोन्ही सरकारांनी पाहायला हवे. तंटा राज्यांचा असला तरी हेलपाटे त्याचेच होतात.