किल्ट आणि शंकरपाळे

स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या चुणीदार किल्टखाली कोणते पायमोजे शोभतात, असे कोणी विचारले तर माझा कौल चौकटीच्या मोज्यांना. पांढरे पाहिले की मला बँडवालेच आठवतात. या चौकटी नुसती हौस म्हणून आल्या नाहीत. पूर्वी हे मोजे विणीत नसत. चौकड्याच्या लोकरी कापडातून बेतून शिवीत. सरळ बेतलेले कापड पोटरीवर ताणत नाही, म्हणून ते उरेब कापायचे. आपल्या शिंप्यांना हे सांगायला नकोच! उरेब कापताच चौकोन तिरपे झाले आणि पोटरीवर शंकरपाळे उमटले. पुढे मोजे सुयांवर विणले जाऊ लागले, तरी शंकरपाळे राहिले.

राहिले हेही नवलच. १७४६ साली कलोडनच्या रणात बंड मोडल्यावर पार्लमेंटने या लोकांचा पोशाखच बंद केला. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने तुरुंग, दुसऱ्याला ७ वर्षे समुद्रापार हद्दपारी. मोकळीक काय ती सैन्यातल्या शिपायांना! बंदी उठली १७८२ साली. पुढे १८२२ मध्ये खुद्द चौथा जॉर्ज राजा एडिंबरोत किल्ट घालून मिरवला; पण गुडघे झाकायला आत अंगाच्या रंगाची तंग विजार होती. डेव्हिड विल्कीने त्याचे चित्र काढताना ती विजार गाळली आणि गुडघे उघडे रंगविले.