त्रिकोणमितीय समीकरणांची आलेखी उकल

ज्या समीकरणात अज्ञात राशी साइन, कोसाइन, टॅन्जंट अशा फलांच्या आत असते, ते त्रिकोणमितीय समीकरण. आलेखी कॅल्क्युलेटरवर ते सोडवताना दोन्ही बाजूंच्या फलांचे आलेख काढून त्यांचे छेदनबिंदू शोधतात, किंवा सर्व पदे एका बाजूला घेऊन आलेख क्ष-अक्षाला कुठे मिळतो ते पाहतात. बाजारात आलेला असा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओचा एफएक्स-७०००जी (१९८५). टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८१ (१९९०) आणि टीआय-८३ (१९९६) त्यानंतरचे. या रीतीची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. उकलीची दशांश किंमत यंत्र झटकन देते. उकली किती आहेत आणि कोणत्या पट्ट्यात आहेत, हे मात्र समीकरणाकडे पाहून माणसाने ठरवावे लागते.

साइन क्ष = १/२ हे सोपे उदाहरण. टीआय-८३ वर त्रिकोणमितीसाठी तयार ठेवलेली विंडो सुमारे −६.१५ ते ६.१५ रेडियन एवढी असते आणि तिच्यात चार छेदनबिंदू दिसतात. उकली मात्र अनंत आहेत. पडद्यावरचे ०.५२३६ म्हणजे π/६ आणि २.६१८० म्हणजे ५π/६ हे ओळखून, साइनचे आवर्तन २π आहे म्हणून प्रत्येकात २π च्या पूर्णांकी पटी मिळवल्या, की सर्वसाधारण उकल तयार होते. ही शेवटची पायरी पडद्यावर कुठेच नसते.

साइन क्ष = क्ष/१० या समीकरणात प्रश्न अधिक टोकदार होतो. वरच्याच विंडोत तीन छेदनबिंदू दिसतात: शून्य, आणि २.८५२ व त्याची ऋण जोडी. इथे थांबणाऱ्याचे उत्तर चुकते. साइनची किंमत −१ ते १ च्या बाहेर जात नाही, म्हणून क्ष/१० सुद्धा त्याच मर्यादेत हवे. म्हणजे प्रत्येक उकल −१० ते १० मध्येच असणार. या एका ओळीच्या विचाराने विंडो ठरते. ती तेवढी रुंद केली की ७.०६८ आणि ८.४२३ ही आणखी दोन मुळे दिसतात. दोन्ही फले विषम असल्याने त्यांच्या ऋण जोड्याही येतात. एकूण उकली सात, आणि आठवी नाही याची खात्रीही त्याच विचाराने मिळते. यंत्र चुकून अंशांवर राहिले असेल, तर हेच समीकरण फक्त शून्य ही एकच उकल दाखवते, कारण अंशांत मोजलेला साइनचा आलेख शून्यापाशी इतका सपाट असतो की रेषा लगेच त्याच्या वर निघून जाते.

पडदा याहून खोलवर फसवू शकतो. टीआय-८३ च्या त्या तयार विंडोत पडद्यावरच्या बिंदूंच्या शेजारच्या दोन स्तंभांतले अंतर बरोबर π/२४, म्हणजे ७.५ अंश असते. फलाची किंमत यंत्र फक्त या अंतराच्या टप्प्यांवर काढते. त्यामुळे साइन ४८क्ष चा आलेख अक्षावर झोपलेली सपाट रेषा म्हणून उमटतो आणि साइन ४९क्ष हुबेहूब साइन क्ष सारखा दिसतो. उभ्या दिशेचीही तीच गत. −४ ते ४ एवढी उंची ६३ ओळींत बसवल्यावर एक ओळ सुमारे ०.१३ ची होते. मग साइन क्ष = १ आणि साइन क्ष = १.००१ ही समीकरणे पडद्यावर एकसारखी भासतात, पण पहिल्याला अनंत उकली आहेत आणि दुसऱ्याला एकही नाही. चिन्ह बदलते तिथे मूळ शोधणाऱ्या पद्धतीला साइन क्ष − १ चे मूळ सापडत नाही, कारण आलेख अक्षाला स्पर्श करून परततो. उलट टॅन्जंटचे चिन्ह π/२ पाशी बदलते, तर तिथे मूळच नसते.

यावर आक्षेप असा, की हे दोष जुन्या पडद्यांचे आहेत. आजच्या फोनवर शेकडो स्तंभ असतात आणि बैजिक संगणन करणारी यंत्रे नेमकी उत्तरेही देतात. आक्षेपात तथ्य आहे. पण निश्चित टप्प्यांनी किंमती काढायच्या असतील, तर टप्पे वाढवल्याने फसवणारी वारंवारता फक्त वर सरकते. बैजिक यंत्रालाही कोसाइन क्ष = क्ष याचे उत्तर ०.७३९०८५ असे दशांशांतच द्यावे लागते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: अभियंत्याला आसन्न किंमत पुरते. किंमतीपुरते ते खरे आहे. मुळांच्या संख्येला मात्र आसन्नपणा लागू होत नाही. सातांऐवजी तीन हे जवळपास बरोबर उत्तर नव्हे. कोसाइन क्ष = क्ष ला एकच उकल आहे हे क्ष − कोसाइन क्ष चा विकलज १ + साइन क्ष कधीच ऋण नसतो यावरून कळते, आणि ते कळल्यावर यंत्राचे सहा दशांश विश्वासाने घेता येतात.

म्हणूनच या यंत्राला परीक्षेबाहेर ठेवणे हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. अमेरिकेच्या एपी कॅल्क्युलस परीक्षेत १९९५ पासून आलेखी कॅल्क्युलेटर लागतो, तरी एक भाग त्याच्याविना सोडवायचा असतो. महाराष्ट्रात बारावीच्या गणिताला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. तिथे मुख्य उकल आणि सर्वसाधारण उकल सूत्रांनी काढतात, आणि प्रश्नही सूत्रांनी सुटणारेच असतात. साइन क्ष = क्ष/१० सारखे समीकरण त्या सूत्रांच्या कक्षेत येत नाही. फोनवरच्या जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या अ‍ॅपमध्ये मात्र ते काही सेकंदांत मांडता येते, आणि विंडो किती रुंद ठेवायची हा प्रश्न वर्गातल्या फळ्यावरही विचारता येतो.