बराकीचा नंबर

अंबरनाथला पाहुणा आला की आपण त्याला थेट शिवमंदिरात नेतो, आणि ते योग्यच आहे. शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेले ते शिलाहारकालीन देऊळ पाहून कोणीही थक्क होईल. पण देवळाजवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठाने खाली गेले की उल्हासनगर लागते, आणि तेथे पाहुण्याला आपण नेतो ते जपानी बाजारात कापड घ्यायला, नाहीतर फर्निचर पाहायला. त्या गावाला इतिहास असेल हे आपल्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. मी शाळेत फारसा टिकलो नाही. वाचायची गोडी लागली ती युनियनच्या कचेरीत, हजेरीपत्रके आणि कायद्याची पुस्तके चाळता चाळता. उल्हासनगरचा इतिहास मला भेटला तो एका पत्त्यात.

वीसएक वर्षांपूर्वी एक शिलाई कामगार पगार बुडाल्याची तक्रार घेऊन आला. मालकाचा पत्ता म्हणून त्याने चिठ्ठीवर बराकीचा नंबर, सेक्शन आणि कॅम्प एवढेच लिहून दिले. रस्त्याचे नाव नाही. मी तासभर गल्ल्या तुडवल्या. शेवटी पापड वाळत घालणाऱ्या एका सिंधी आजींनी बोट दाखवले. समोर तर तीन मजली घर! बराक कुठे आहे, असे विचारताच त्या म्हणाल्या की ती केव्हाच पाडली, नंबर तेवढा तोच आहे.

हा नंबर लष्कराच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. युद्ध संपल्यावर ती रिकामी झाली, आणि 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना येथे आसरा देण्यात आला. लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि एकेका पडद्याआड एकेक कुटुंब. मागे शेतीवाडी, पेढ्या, वाडे टाकून आलेली ही माणसे. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र आजही कॅम्प एक ते कॅम्प पाचच आहेत.

येताना सामान थोडे आले, चालीरीती मात्र सगळ्या आल्या. त्यांच्या टिकाण्यात गुरू ग्रंथसाहिब असतो आणि तेथेच हिंदू देवदेवताही असतात. आपल्या वारकऱ्याला यात नवल वाटू नये. चेटीचंडाला झुलेलालच्या नावाने बहराणा निघतो. ताटात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची आणि फळे ठेवून लोक नाचत गात पाण्याकडे जातात. ज्या सिंधूची ही पूजा, ती तर परक्या मुलखात राहिली. मग मिळेल ते पाणी तिचे मानायचे. वालधुनीचे पाणी आपण सर्वांनी मिळून कसे करून ठेवले आहे, ते येथे बसलेल्यांना सांगायला नको.

आता पोटाचे. जेथे पडद्याआड संसार, तेथेच धंदाही सुरू झाला. बाईने पापड लाटले, पुरुषाने ते लोकलमध्ये विकले. पुढे शिलाई यंत्र आले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी केला आहे. पण तो माल शिवणारे हात कोणाचे, हे कोणी विचारत नाही. पहिल्या पिढीत ते घरच्यांचेच होते. नंतर उत्तर प्रदेश, बिहारकडचे आले.

त्या दिवशी मी वर गेलो तर एका खोलीत सात यंत्रे, कोपऱ्यात मालकाच्या वडिलांची खाट, आणि मालक व कामगार एकाच पातेल्यातली डाळ खात होते. मी भांडायला गेलो होतो. आधी मला दाल-पकवान खावे लागले. 1948 च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कामाला मूळचा आकडा दहा कामगारांचा होता, आणि पुढे आपल्या राज्यात तो वाढवला गेला. सात यंत्रांची खोली त्याच्या बाहेरच राहते. ना हजेरीपत्रक, ना विमा. खोली लहान होती ती लष्कराच्या मापाने, मालकाच्या लबाडीने नव्हे; पण त्या मापाचा फायदा मालकाला कळला होता, हेही खरेच.

खाटेवरचे म्हातारे एवढा वेळ गप्प होते. छावणीत आपण लहानपणी रेशनच्या रांगेत उभे राहिलो, असे सांगून त्यांनी मुलाला सिंधीत काही सुनावले. ते मला कळले नाही. मुलाने अर्धे पैसे त्याच वेळी मोजले, उरलेले दिवाळीनंतर दिले. पावती मी अजून जपून ठेवली आहे. कारखान्याचे नाव तिच्यावर नाही. वर फक्त बराकीचा नंबर आहे.