पटावरून कमी झालेलीं नांवें



ज्यानें आयुष्याचीं तीसपस्तीस वर्षें हजेरीपटापुढें घालविलीं, त्याला एक खंत जन्मभर पुरते. जून महिन्यांत पटावर जितकीं नांवें चढतात, तितकीं परीक्षेच्या दिवशीं बांकांवर दिसत नाहींत. मध्येंच केव्हां तरी एखाद्या नांवावर तांबड्या शाईची रेघ ओढावी लागते आणि शेऱ्याच्या रकान्यांत 'नांव कमी' एवढे दोन शब्द लिहावे लागतात. मुलगा कोठें गेला, कां गेला, पुढें त्याचें काय झालें, हें लिहिण्यापुरती जागा त्या रकान्यांत नसते. अलीकडे या प्रकाराला 'गळती' म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे. पण गळतें तें पाणी आणि भोंक असतें तें भांड्याला, ही साधी गोष्ट आपण शाळांच्या बाबतींत एक वेळ ध्यानांत ठेवतों, विद्यापीठांच्या बाबतींत मात्र विसरून जातों.

परभणी जिल्ह्यांतून विद्यापीठाच्या दारापर्यंत गेलेल्या, आणि तेथून परत फिरविल्या गेलेल्या मुलांची हकीकत आज सांगण्याचें मीं योजिलें आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. तेव्हां विद्यापीठांच्या कारभारावर अधिकारवाणीनें बोलण्याचा आव आणीत नाहीं. दाराबाहेरून जें दिसतें, तेवढेंच सांगणार आहें.

मागें राहिलेल्यांची गणती आपल्याकडे विद्यापीठांइतकीच जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, तीस १३२ उमेदवार बसले आणि जेमतेम वीस-बावीस पार पडले. १८६२ सालीं पहिले चार बी. ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चारही नांवें मोठीं खरीं. परंतु सिंधपासून कानडी मुलुखापर्यंत पसरलेल्या इलाख्याच्या मानानें आंकडा केवढा लहान! त्या काळीं त्याचें फारसें वैषम्य वाटत नसे. चाळणी बारीक म्हणूनच पीठ चांगलें, अशी समजूत होती. पुढें १९२९ सालीं हार्टॉग समितीनें प्राथमिक शाळांचा हिशेब मांडला आणि १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या शंभर मुलांपैकीं वीसही १९२५-२६ सालीं चौथींत पोंचले नव्हते, असें दाखवून दिलें. तेव्हां 'अपव्यय' हा शब्द शिक्षणखात्याच्या तोंडीं बसला. पण तो हिशेब ब्रिटिश हिंदुस्थानचा. परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती, आणि आमच्या जिल्ह्याचें विद्यापीठ मुंबईस नव्हे तर हैद्राबादेस होतें.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें व १९१९ सालीं तेथें शिकविण्यास आरंभ झाला. शिक्षणाचें माध्यम उर्दू. या गोष्टीवर सरसकट नाक मुरडण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला मान्य नाहीं. इंग्रजीवांचून उच्च शिक्षण होऊंच शकत नाहीं असें सर्वत्र मानलें जात असतां गणित, रसायन, इतिहास, फार काय वैद्यकही एका देशी भाषेंत शिकविण्याचें धाडस या विद्यापीठानें केलें. त्यासाठीं १९१७ सालींच भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडण्यांत आलें, ग्रंथ भाषांतरित झाले, परिभाषा घडविली गेली. पुढें औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झालेले मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा व्यासंगी पुरुष या कामांत होता. अडचण एवढीच कीं ही देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. संस्थानांत तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास, मराठी बोलणारे शेंकडा पंचविसांच्या वर, कानडी बोलणारे दहाच्या वर. आणि उर्दू ज्यांची घरची भाषा, ते शेंकडा दहा-बारा.

आतां जिंतुराकडचा किंवा पाथरीकडचा एखादा मुलगा डोळ्यांपुढें आणा. घरीं मराठी, गांवच्या शाळेंत पहिल्या यत्ता मराठींत. माध्यमिक शाळेंत पाऊल पडलें कीं भूगोल, इतिहास, गणित सारें उर्दूंत, आणि इंग्रजी हा विषय शिवाय सक्तीचा. 'त्रिकोण' हा शब्द कोठें तोंडांत बसतो आहे, तों त्याला 'मुसल्लस' म्हणावयाचें. ज्याच्या घरचें कोणी सरकारी कचेरींत नोकरीस असे, त्याच्या कानांवर ही भाषा लहानपणापासून पडे. ज्याचा बाप नांगरामागें चाले, त्याला ती इंग्रजीइतकीच परकी. अशा मुलाची गळती विद्यापीठांत होतच नसे. ती त्याआधींच उरकलेली असे. म्हणून विद्यापीठांत शिरलेल्यांपैकीं किती जण पदवीधर झाले, एवढाच आंकडा कोणी काढला, तर त्यांत या मुलांचा मागमूसही लागणार नाहीं. एकदां गाळून घेतलेलें पाणी पुन्हां गाळलें, तर फडक्यावर काय उरावें? १९५१ च्या शिरगणतींतसुद्धां हैद्राबाद राज्यांत शंभरांत दहा माणसें साक्षर नव्हतीं.

शिवाय अंतर. औरंगाबादेस इंटरपर्यंतची सोय १९२३ सालीं झाली. पदवीसाठीं हैद्राबाद गांठावें लागे. परभणीस गाडींत बसावें, पूर्णा, नांदेड, निजामाबाद मागें टाकून सिकंदराबादेस उतरावें, आणि घरून येणाऱ्या मनीऑर्डरकडे डोळे लावून वसतिगृहांत दिवस काढावे. मुलाच्या शिक्षणापायीं जमिनीचा तुकडा गहाण पडल्याच्या गोष्टी आमच्या बाजूच्या जुन्या घरांतून अजूनही ऐकूं येतात.

इतक्या चाळण्यांतून पार पडलेल्या मुलांवर १९३८ सालीं निराळाच प्रसंग ओढवला. वसतिगृहांतील हिंदु विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणत, त्यावर अधिकाऱ्यांनीं बंदी घातली. औरंगाबादच्या कॉलेजांत नोव्हेंबरांत ठिणगी पडली, आणि पाहतां पाहतां ती हैद्राबाद व गुलबर्ग्यापर्यंत पोंचली. त्याच सुमारास स्टेट काँग्रेसचा आणि आर्यसमाजाचा सत्याग्रह संस्थानांत सुरूं झाला होता; दरबार बिथरलेला होता. विद्यार्थी बंदी मानीनात. त्यांना आधीं वसतिगृहांतून आणि मग कॉलेजांतून काढण्यांत आलें. असे शेंकडों विद्यार्थी एका हिंवाळ्यांत पटावरून कमी झाले. अभ्यासांत कच्चा म्हणून त्यांतला एकही गेला नव्हता.

आतां या मुलांनीं करावें काय? एका विद्यापीठानें बेशिस्तीबद्दल घालवून दिलेला विद्यार्थी दुसरें सहसा घेत नाहीं. वर्ष अर्धें उलटलेलें, अभ्यासक्रम वेगळा, जवळ दाखला धड नाहीं. अशा वेळीं नागपूर विद्यापीठानें त्यांना आंत घेतलें. हें विद्यापीठ १९२३ सालचें, म्हणजे तेव्हां अवघें पंधरा वर्षांचें. कुलगुरु टी. जे. केदार यांनीं हा निर्णय घेतला. असा निर्णय कागदावर उतरविण्यास एक ओळ पुरते. पण शेजारच्या बलाढ्य संस्थानानें ज्यांना गुन्हेगार ठरविलें, त्यांच्यासाठीं ती ओळ लिहिण्यास छाती लागते. केदारांचें नांव आज मराठवाड्यांतील किती घरांत ठाऊक आहे? चौकांना नांवें देतांना आपण लढणारांचीं देतों, दार उघडणाराचें कोणाला सुचत नाहीं.

दार उघडलें म्हणून वाट सोपी झाली, असें मात्र नव्हे. परभणीहून नागपुरास तेव्हां सरळ गाडी नव्हती. आधीं उलट दिशेनें मनमाडास जावें आणि मग भुसावळ, बडनेरा असा वळसा घ्यावा. परका गांव, अनोळखी कॉलेज, आणि शिक्षणाचें माध्यम इंग्रजी. मोठ्या कष्टानें पाठ केलेल्या 'मुसल्लसा'चा आतां 'ट्रायँगल' झाला! दहा वर्षांत तिसऱ्या भाषेंत तोच त्रिकोण शिकण्याची पाळी या मुलांवर आली. तरी तीं शिकलीं, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं पदव्या मिळविल्या. विद्यार्थी तेच, बुद्धी तीच, खिसाही तितकाच रिकामा. एका ठिकाणीं तीं गळालीं आणि दुसऱ्या ठिकाणीं टिकलीं. मग गळती ही विद्यार्थ्याची कीं विद्यापीठाची?

१९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची राजवट संपली आणि लवकरच उस्मानियांत उर्दूच्या जागीं इंग्रजी आली. हा बदल अटळ होता म्हणतात. असेल, परंतु ज्यांनीं आठदहा वर्षें उर्दूंतून अभ्यास केला होता, त्यांची सारी पुंजी चलनांतून गेलेल्या नाण्यासारखी झाली. त्यांत मुसलमान घरचीं मुलें होतीं, तशीं मराठी घरचींही होतीं. जुन्या राजवटीनें केलेली चूक नव्या राजवटीनें दुसऱ्या बाजूनें केली, आणि तिचा मात्र कोणी इतिहास लिहीत नाहीं.

पुढची हकीकत सुखाची आहे, म्हणून थोडक्यांत सांगतां येते. १९५० सालीं औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय व नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९५६ सालीं परभणीस शेतकी महाविद्यालय आलें. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें, आणि मुंबईच्या कारभारांत मुरलेले डोंगरकेरी पहिले कुलगुरु म्हणून आले. १९७२ सालीं परभणीस स्वतंत्र कृषि विद्यापीठ झालें. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ झालें, आणि आमचा जिल्हा त्याकडे गेला. ज्या पदवीसाठीं रात्रभर गाडींत बसावें लागे, ती तालुक्याच्या गांवीं मिळूं लागली.

अंतर संपलें, रेघा संपल्या नाहींत. ऊसतोडीला आईबाप निघाले कीं धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठीं कॉलेजांतली मुलगी घरीं राहते. दुष्काळाच्या सालीं एकाच घरचे दोन मुलगे शिकत असतील, तर एक पुण्यास कामाला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें यावर एक तोड काढली आहे: एक वर्ष पुरें करणारास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका, आणि सोडून गेलेल्यास पुन्हां येऊन पुढें शिकण्याची मुभा. कल्पना चांगली आहे. पण माझ्यासारख्या पटाची संवय झालेल्या माणसाला एक धास्ती वाटते. मुलगा पहिल्याच वर्षीं गेला, तरी त्याच्या हातीं कागद पडला म्हणजे गळतीच्या रकान्यांत त्याची गणती होणार नाहीं. पट स्वच्छ दिसेल. परत येण्याची मुभा कागदावर असली, तरी परत येण्यासाठीं लागणारें गाडीभाडें आणि खोलीचें भाडें त्या कागदांत नसतें. नागपुरास १९३८ सालीं आधीं दार उघडलें गेलें, नियम मागून जुळवून घेतले गेले.

पटाचा हिशेब किती फसवा असतो, याचें एक नामांकित उदाहरण आहे. त्याच चळवळींत वरंगळच्या कॉलेजांतून बाहेर पडलेला एक तेलुगू विद्यार्थी नागपुरास येऊन इंटर झाला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतून बी. एस्सी. झाला, आणि वकिलीच्या पदवीसाठीं पुन्हां नागपुरास गेला. त्याला मराठी इतकी चांगली येऊं लागली कीं हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यानें तेलुगूंत उतरविली. १९९१ सालीं पी. व्ही. नरसिंह राव भारताचे पंतप्रधान झाले. हजेरीपटाचा नियम लावला, तर उस्मानियाच्या हिशेबीं तेही 'नांव कमी' या रकान्यांतलेच.

त्यांचें नांव निदान दुसऱ्या पटावर चढलें. १९३८ च्या हिंवाळ्यांत बाहेर पडलेल्यांपैकीं कित्येकांचें चढलें नाहीं. कोणी चळवळींत शिरले आणि पुढें अभ्यासाकडे वळले नाहींत. कोणाच्या घरीं दुसऱ्यांदा पैसा उभा करण्याची ऐपत नव्हती. ते गाडींतून उतरून शेतावर गेले. कांहीं जण मराठवाड्यांतल्या खाजगी मराठी शाळांत तुटपुंज्या पगारावर मास्तर झाले, आणि जून उजाडला कीं कोऱ्या पटावर मुलांचीं नांवें लिहूं लागले.